दावा मागे घेतला

‘मागे घेणे’ हा मराठीतला मोठा चमत्कारिक प्रयोग आहे. माणसे शब्द मागे घेतात, पाऊल मागे घेतात, संप मागे घेतात, निवडणुकीचा अर्ज मागे घेतात. आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. हा हरला, की विकला गेला? तिसरे काही असू शकेल असे आपल्याला सहसा वाटत नाही. २०११ च्या मार्च महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीने अमेरिकेतल्या एका न्यायालयातून आपल्या मुलाच्या नावे लावलेला दावा मागे घेतला, तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाने याच दोहोंपैकी एक शंका बोलून दाखवली. कुणी म्हणाले, “वकिलानं बुडवलं असणार.” कुणी डोळे मिचकावून म्हणाले, “कंपनीनं बाहेरच्या बाहेर मिटवलं असेल, घरचे सांगत नाहीत एवढंच.” आई चहाचे कप उचलून आत निघून जाई.

त्या मंडळींना उत्तर द्यावे म्हणून मी लिहायला बसलेले नाही. त्यातली काही आता या जगातही नाहीत. पण यंदा द्वितीय वर्षाच्या वर्गावर १८९७ चा प्लेग शिकवत होते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून त्या वर्षीच्या जानेवारीत आधी स्वतःलाच टोचून घेतली, पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी ती लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली, ठपका हाफकिनवर आला आणि तो पुसला जायला कित्येक वर्षे लागली, असे सांगत होते. एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “पण बाई, त्या एकोणीस जणांच्या घरच्यांनी दाद कुठं मागायची?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले. प्रश्न मात्र माझ्यामागे घरापर्यंत आला. ताईला फोन करून विचारले, “लिहू का तुझ्याबद्दल?” ती म्हणाली, “लिही. त्याचं नाव तेवढं लिहू नकोस.” म्हणून या लेखात कुणालाच नाव नाही.

ताईचे लग्न १९९६ साली झाले. भावजी संगणकातले, वर्षभरात दोघे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली. १९९९ च्या ऑक्टोबरात भाचा झाला. बाळंतपणाला आई गेली ती डिंक, अळीव, वेखंड, बाळंतशेपा असे सगळे पिशव्यांत शिवून घेऊन. विमानतळावरच्या माणसाने वेखंड हुंगून पाहिले आणि काही न बोलता परत दिले, ही गोष्ट आई अजून सांगते. मुलगा गोरा, गुटगुटीत. पहिल्या वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट ताईने कुणाच्या तरी हाती पाठवली. अमेरिकेतली कॅसेट आपल्याकडच्या यंत्रावर चालत नसे. बाबांनी पुण्याला जाऊन ती पालटून आणली. त्या कॅसेटकडे मला पुन्हा यायचे आहे.

२००१ च्या जानेवारीत, पंधराव्या महिन्यात, त्याला गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवर यांची एकत्र लस टोचली. एम्.एम्.आर्. म्हणतात ती. त्या रात्री ताप आला, दोन दिवसांनी उतरला. त्याला तेव्हा चार शब्द येत होते : आई, दे, काऊ, आणि दिव्यासाठी ‘दिदी’. होळीपर्यंत चारही गेले. उन्हाळ्यात तो हाकेला बघेनासा झाला. २००२ मध्ये डॉक्टरांनी निदान सांगितले. आपल्याकडे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ असा शब्द आहे. शब्द देखणा आहे, जरा जास्तच देखणा आहे. ज्याच्या घरी ते मूल रात्री तीनला भिंतीवर डोके आपटते त्याला तो पुरत नाही.

लस आणि मौन, दोन्ही एकाच हिवाळ्यात आले. ताईच्या जागी कुणीही असते तरी दोन टोके जुळवली असतीच. त्यात १९९८ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात लंडनचे अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांचे सहकारी यांचा बारा मुलांवरचा निबंध छापून आला होता आणि या लशीवर शंकेची सावली पडली होती. न्यू जर्सीतल्या पालकांच्या एका मंडळात ताई जाऊ लागली. तिथे प्रत्येकीजवळ अशीच एक तारीख होती.

आता थोडा कायदा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतिहास शिकवणाऱ्याची खोड म्हणून सोसून घ्या.

१९८२ साली अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या लशीवर एक दूरचित्रवाणी माहितीपट आला. या लशीने मुलांचे मेंदू कायमचे बिघडतात असा त्याचा सूर होता. कंपन्यांवर दाव्यांची रीघ लागली. काही कंपन्यांनी लस करणेच सोडले आणि देशात तुटवडा पडू लागला. तेव्हा १९८६ साली काँग्रेसने एक कायदा केला आणि १९८८ च्या ऑक्टोबरात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कायद्याची कल्पना मला अजूनही शहाणपणाची वाटते. लस सगळ्यांच्या भल्यासाठी टोचायची, मग तिच्यापायी क्वचित एखाद्या मुलाचे वाटोळे झाले तर तो भार त्या एका घराने का वाहावा? म्हणून लशीच्या प्रत्येक डोसावर, तिने टळणाऱ्या दर रोगामागे पाऊण डॉलर कर. तीन रोगांच्या एम्.एम्.आर्.वर सव्वादोन डॉलर. त्या पैशांतून एक निधी. भरपाई मागणाऱ्याने कंपनीला दोषी ठरवण्याची गरज नाही. लशीने इजा झाली एवढे दाखवायचे. ज्यूरी नाही. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या जवळच असलेल्या संघीय दावे न्यायालयात ‘स्पेशल मास्टर’ म्हणून नेमलेले न्यायाधिकारी निकाल देतात. कुठल्या लशीनंतर किती दिवसांत काय झाले तर ते लशीनेच झाले असे धरून चालायचे, याचा एक तक्ता आहे. तक्त्यात न बसणाऱ्याने कारण स्वतः सिद्ध करायचे. यातना आणि मनस्तापापोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, पण जन्मभराच्या शुश्रूषेच्या खर्चाला मर्यादा नाही. शिवाय दावा प्रामाणिकपणे लावलेला आणि त्याला काही आधार असेल तर हरलेल्याच्या वकिलाचे शुल्कही निधीतून मिळू शकते. या निधीतून आजवर पाच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली गेली आहे. तेव्हा हे दुकान खोटे नव्हे. खरोखर इजा झालेल्यांना तिथे दाद मिळते, आणि अशी इजा कधीच होत नाही असे कुणी शहाणा डॉक्टर म्हणणार नाही.

लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. स्वमग्न मुलांच्या पालकांचे इतके अर्ज येऊ लागले की २००२ च्या जुलैत न्यायालयाने त्यांचे एकत्रित कामकाज सुरू केले. पुढे त्यांची संख्या पाच हजारांवर गेली. वैद्यकीय कागद मागाहून जोडले तरी चालतील अशा आखूड अर्जाची सोय होती. ताईने २००३ च्या शेवटी तो भरला. आईवडील, अज्ञान मुलाचे पालक या नात्याने, विरुद्ध आरोग्यखात्याचे सचिव. भावजींचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी सही केली. “तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर करू,” एवढेच म्हणाले. या वाक्याचा ताईला पुढे सात वर्षे राग होता.

पैशाचे म्हणाल तर हव्यास नव्हता, धास्ती होती. ताईजवळ एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. बाबांनी पूर्वी दुकानाचा जमाखर्च जसा मांडला तसा तिने त्या वहीत मुलाचा जन्म मांडला होता. वय वर्षे चार ते एकवीस : शाळा सरकारची. तिथल्या कायद्याने विशेष मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी एकविशीपर्यंत शाळेवर असते. एकविसाच्या पुढे पान कोरे. मग वय वर्षे साठ, सत्तर. आपण नसणार. त्या ओळीपुढे तिने कंसात एक प्रश्नचिन्ह काढले होते आणि ते इतक्या वेळा गिरवले होते की कागद फाटला होता.

दरम्यान २००४ साली भाची झाली. तिला ती लस द्यायची नाही हे ताईचे ठरलेलेच होते. शाळाप्रवेशाला लस सक्तीची. पण न्यू जर्सीत धार्मिक कारणाने सूट मिळते. ताईने तसे पत्र लिहून दिले. गोवराच्या लशीला आपल्या धर्मात मनाई आहे ही गोष्ट आमच्या घराण्याला, ज्यात दोन पिढ्या भिक्षुकी होती, प्रथमच कळली. मी फोनवर हसले. ताई हसली नाही.

आई मात्र या प्रकरणी गप्प असे, आणि तिच्या गप्प असण्याला कारण होते. तिच्या पाठची बहीण चौथ्या वर्षी गोवराने गेली. त्या काळी गोवर म्हणजे अंधारी खोली, कडुलिंबाचा पाला आणि दारात कुणी चपला घालून येऊ नये याची खबरदारी. आईच्या दंडावर देवी काढल्याचा रुपयाएवढा व्रण आहे. एकदा, एकदाच, ती म्हणाली, “आमची शकू गेली तेव्हा दावा कुणावर लावायचा होता? देवीवर?” शकू हे तिचे खरे नाव नव्हे, पण ही एक व्यक्ती अशी आहे की तिला नावाशिवाय ठेवणे मला जमेना.

२००७ च्या जूनमध्ये पहिल्या नमुनादाखल दाव्याची सुनावणी झाली. जवळजवळ तीन आठवडे चालली. तिचे ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकता येत होते. ताई रात्री मुलाला झोपवून ते ऐके. तिच्या बाजूचे म्हणणे असे होते की काही लशींतल्या पारायुक्त थायमेरोसालने मुलाची प्रतिकारशक्ती खिळखिळी होते, मग एम्.एम्.आर्.मधला गोवराचा जिवंत विषाणू आतड्यात ठाण मांडतो आणि तिथून मेंदू बिघडवतो. सगळी इमारत एका गोष्टीवर उभी होती : डब्लिनमधल्या एका प्रयोगशाळेला अशा मुलांच्या आतड्यांच्या तुकड्यांत गोवराचा विषाणू सापडला होता. स्टीफन बस्टिन हे त्या तपासणीच्या पद्धतीतले जाणकार साक्षीला आले. त्यांनी सांगितले ते मला ताईने समजावले आणि मी इथे जमेल तसे मांडते. गोवराचा विषाणू आर्‌एन्‌ए जातीचा. तो या पद्धतीने शोधायचा तर आधी त्याचे डीएन्‌एत रूपांतर करण्याची पायरी लागते. त्या प्रयोगशाळेच्या नोंदींत ही पायरी गाळूनही निकाल ‘सापडला’ असाच आला होता. म्हणजे सापडले ते डीएन्‌ए होते, प्रयोगशाळेतच कुठून तरी मिसळलेले. गोवर नव्हेच.

“मला त्या रात्री कळलं,” ताई पुढे म्हणाली. “पण कळणं आणि मानणं यांत दोन-तीन वर्षं जातात.”

त्याच सुनावणीत एरिक फाँबोन या बालमनोविकारतज्ज्ञांनी त्या मुलीच्या घरच्या चित्रफिती पाहून साक्ष दिली होती. लस टोचण्याआधीच्या फिती. आईबापांना निरोगी वाटलेल्या त्या तान्ह्या मुलीत त्यांना स्वमग्नतेची लक्षणे आधीच दिसली. हा भाग ताईने ऐकला आणि यंत्र बंद केले. पुढले तिने कधी ऐकले नाही.

२००८ मध्ये एका वेगळ्या मुलीच्या दाव्यात, जिला पेशींच्या ऊर्जेसंबंधीचा जन्मजात विकार होता, सरकारने भरपाई मान्य केल्याची बातमी आली. पालकमंडळात पेढे वाटल्यासारखे झाले. पण ते प्रकरण निराळे होते, आणि १२ फेब्रुवारी २००९ ला तिन्ही नमुना दाव्यांचे निकाल पालकांच्या विरुद्ध लागले. स्पेशल मास्टर जॉर्ज हेस्टिंग्ज यांच्या निकालपत्राचा शेवट ताईने मला वाचून दाखवला होता. आईबापांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांची दिशाभूल करणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्यांनी कडक शब्दांत दोष दिला होता. १२ मार्च २०१० ला थायमेरोसालबद्दलचे तीन दावेही फेटाळले गेले. मधल्या काळात, २०१० च्या फेब्रुवारीत, ‘लॅन्सेट’ने तो बारा मुलांचा निबंधच रद्द केला आणि मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमधले पाच लाख सदतीस हजार मुलांचे मोठे संशोधन तर २००२ सालीच प्रसिद्ध झाले होते : लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात फरक नाही.

मग वकिलाचे पत्र आले. पुढे जायचे असेल तर आता आखूड अर्ज पुरणार नाही. सगळे कागद, तज्ज्ञाचे मत, मुलगा लशीपूर्वी निरोगी होता याचा पुरावा द्यावा लागेल. नाही तर बाहेर पडा. ताईच्या डोक्यात पुरावा ठरलेला होता. पहिल्या वाढदिवसाची कॅसेट. तिची स्वतःची प्रत एका घरबदलीत गेली होती. साताऱ्याची प्रत होती.

२०१० च्या डिसेंबरात ती दोन्ही मुलांना घेऊन आली. व्ही.सी.आर. तोवर घराघरांतून नाहीसे झाले होते; राजवाड्याजवळच्या एका फोटो स्टुडिओवाल्याने माळ्यावरून एक काढून दिला. दुपारी जेवणे झाल्यावर आम्ही लावला. मी, ताई, आई. भाची शेजारी खेळायला गेली होती. भाचा, अकरा वर्षांचा, यंत्राशेजारी जमिनीवर.

चित्र धूसर होते, पण दिसत होते. आईने औक्षण केले. कुणी तरी टोपी घातली, ती त्याने काढली. केक आला. मग पाहुण्यांपैकी एकजण कॅमेऱ्यामागून त्याला हाका मारू लागला. नाव घेऊन, चुटक्या वाजवून, शीळ घालून. तो एका डब्याचे झाकण जमिनीवर गरगरा फिरवत होता. झाकण थांबले की पुन्हा फिरवायचे. ताईचा आवाज आला, “अरे बघ ना इकडे, बघ ना राजा.” सगळे हसत होते. आईचा दहा वर्षांपूर्वीचा आवाज म्हणाला, “ध्यानस्थ आहे गं, ऋषी आहे पूर्वजन्मीचा.” झाकण फिरत राहिले.

ताईने कॅसेट मागे नेली. पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा ती हाका मोजत होती, बोटांच्या पेरांवर, जप मोजतात तसे. सोळा. त्याने एकदाही मान वळवली नाही. आणि ऑक्टोबर २००० म्हणजे लशीच्या तीन महिने आधी.

मला हे स्पष्ट केले पाहिजे की एका कॅसेटने काही सिद्ध होत नाही. वर्षाचे कुठलेही मूल खेळात रमले तर ओ देत नाही; आणि त्याचे ते चार शब्द खरोखरच होते, खरोखरच गेले. अशा मुलांतल्या काहींचे शब्द जातात ते नेमके सव्वा ते दोन वर्षांच्या वयात, आणि ही लस टोचायचे वयही तेच. लशीचा प्रश्न त्या दुपारी सुटला नाही, तो लाखो मुलांच्या नोंदींतून अगोदरच सुटला होता. त्या दुपारी सुटले ते दुसरेच काही तरी.

आई उठून आत गेली. भाच्याला पडद्यावरच्या स्वतःमध्ये रस नव्हता. कॅसेट मागे जाताना खिडकीतून फिरणारी तिची दोन चाके तो बघत होता, नाक काचेला लावून. ताईने बटण सोडले की तो तिचा हात धरून पुन्हा बटणावर ठेवी. अशी ती दोघे संध्याकाळपर्यंत बसली. नुसती चाके फिरवत.

रात्री गच्चीत ती बोलली. “त्या दाव्यात एक गोष्ट सिद्ध करावी लागते,” ती म्हणाली, “की जानेवारीच्या आधी एक दुसरा मुलगा होता. धडधाकट. तो कुणीतरी पळवला आणि त्याच्या जागी हा ठेवला. दहा वर्षं मी ह्याचं सगळं करते आणि मनात त्या दुसऱ्याचा शोध घेते. आज बघितलं ना तू? तो दुसरा नव्हताच गं. हाच होता. पहिल्यापासून हाच.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काय होते? थोड्या वेळाने ती म्हणाली, “आता रागवायचं कुणावर, ते मात्र सांग.”

लशीवर दावा लावल्याने एक सोय होते, ती बाहेरच्यांना दिसत नाही. त्या सकाळी मुलाला मांडीवर घेऊन दवाखान्यात कोण गेले होते? आई. फॉर्मवर सही कुणाची? आईची. दावा असेपर्यंत प्रतिवादीच्या जागी सरकारचा सचिव उभा होता. दावा गेला की ती जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागी कोण जाऊन उभे राहते हे बायकांना सांगायला नको. ताईला तिथून ओढून काढायला भावजींना पुढे वर्षभर लागले. ज्या वाक्याचा तिला राग होता त्याच वाक्याचा अर्थ तिला तेव्हा लागला, असे ती म्हणते. मला विचाराल तर भावजींनी ते वाक्य २००३ मध्ये जरा अधिक शब्दांत बोलायला हवे होते.

मागे घेण्याचेही प्रकार असतात. वकिलाने सांगितले, न्यायालयाने मुदतीत निकाल दिला नसेल तर कायद्यातल्या एका कलमाखाली दावा काढून घेऊन साध्या दिवाणी न्यायालयात कंपनीवर जाण्याची वाट मोकळी ठेवता येते. त्याच सुमारास, २२ फेब्रुवारी २०११ ला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका कुटुंबाच्या खटल्यात सहा विरुद्ध दोन मतांनी ठरवले की लशीच्या रचनेतच दोष आहे या कारणावरून कंपनीवर खटला चालणार नाही. वाट मोकळी, पण पुढे भिंत. वकील म्हणाले, तरी हक्क राखून ठेवा. ताई म्हणाली, मला काहीही राखून ठेवायचे नाही. मार्चमध्ये दोन ओळींचा कागद गेला.

पालकमंडळातल्या मैत्रिणींचे फोन बंद झाले. एकीने अखेरचा फोन करून विचारले, “किती मिळाले?” दुसरी रडली, म्हणाली, तू गेलीस तर आमच्यापैकी आणखी चारजणी जातील. ताईला त्यांचा राग आला नाही. ती आजही त्यांच्याविषयी वाईट बोलू देत नाही, आणि या बाबतीत ती माझ्याहून मोठ्या मनाची आहे. लंडनच्या त्या एका निबंधामुळे किती आयांनी आपली किती वर्षे न्यायालयाच्या पायरीवर काढली याचा हिशेब मला तरी शांतपणे मांडता येत नाही. ती वर्षे मुलांची होती.

एप्रिलमध्ये भाचीला ती लस दिली. सात वर्षांची होती. ताईला तो तक्ता तोंडपाठ : या लशीनंतर मेंदूला सूज यायची तर पाचव्या ते पंधराव्या दिवसात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तिने पंधरा चौकटींत बारीक टिंबे दिली. दावा मागे घेतला होता, मानले होते, समजले होते. तरी टिंबे दिली. रोज रात्री मुलीच्या कपाळाला हात लावून दुसऱ्या दिवशी एक टिंब खोडायची. सोळाव्या दिवशी सकाळी, आमच्याकडे संध्याकाळ होती, तिचा आईला फोन आला. पुरणपोळीच्या कणकेत तेल किती घालतेस, एवढेच विचारले. आईने सांगितले, आणि फोन ठेवल्यावर देवापुढे साखर ठेवली.

२०२५ साली हे सगळे पुन्हा उकरून निघाले. तिकडचे नवे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी हा भरपाईचा कार्यक्रमच बदलण्याचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबरात तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने लस आणि स्वमग्नता यांचा संबंध नाही हे आपले जुने सांगणे फिरवले, नवे संशोधन काही पुढे आलेले नसताना. त्याच वर्षी पश्चिम टेक्सासात गोवराची साथ येऊन लस न घेतलेली दोन मुले दगावली होती. मंडळातल्या एका जुन्या बाईंनी चौदा वर्षांनी ताईला फोन केला : आता दार उघडेल, पुन्हा अर्ज करूया. ताईने त्यांच्या मुलाची चौकशी केली. तोही पंचविशी ओलांडलेला. दोघी बायका तासभर बोलल्या, ते त्याला दात घासायला कसे शिकवले याविषयी.

भाच्याची शाळा २०२१ मध्ये संपली. आठवड्यातून तीन दिवस तो एका ग्रंथालयात परत आलेली पुस्तके गाडीवर लावतो. गाडीची चाके तपासल्याशिवाय ती ढकलत नाही. त्याला आता पन्नासेक शब्द येतात. ‘काऊ’ त्यात परत आला आहे. बाकीचे दिवस तो घरी असतो आणि ताईने नोकरी अर्ध्या वेळेची केली आहे. त्याच्या नावे एक न्यास केला आहे, त्यात दोघे दरमहा जमेल ते टाकतात. भाची म्हणते, पुढे मी बघीन. ताईला ते मुळीच मान्य नाही. मुलीच्या डोक्यावर भावाचा जन्म ठेवायचा नाही म्हणते. यावर मायलेकींची भांडणे होतात. परवाच्या फोनवरही तेच चालले होते. निळी वही भाचीने मागितली आहे आणि ताईने ती अजून दिलेली नाही.